इंजिन बदललेली एमजीबी विकताना

प्रश्न : माझ्याकडे १९७१ची एमजीबी जीटी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. आधीच्या मालकाने तिच्यात रोव्हर कंपनीचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला. मी तिच्यावर आणखी १४,००० पौंड खर्च केले. जाहिरातीत 'एमजीबी जीटी व्ही-८' लिहू का? आणि हा खर्च किमतीत धरायचा का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : नुसतं तसं लिहू नका. त्या नावाच्या गाड्या कारखान्याने १९७३ ते १९७६ दरम्यानच केल्या, एकूण २,५९१. त्यांचा चॅसिस नंबर 'जीडी२डी१'ने सुरू होतो. १९७१चं साल वाचताच जाणकार सावध होईल आणि मग तुमचं खरं बोलणंही त्याला पटणार नाही. 'एमजीबी जीटी, १९७१, मागाहून रोव्हर व्ही-८ बसवलेली' असं सरळ लिहा. ब्रिटनमध्ये खासगी विक्रीतही वर्णन खोटं निघालं तर खरेदीदार दावा लावू शकतो. लॉगबुकात (गाडीच्या नोंदणीपत्रात) अजून मूळ इंजिनाचं १७९८ सीसीच असेल, तर आधी डीव्हीएलएकडे (तिथल्या वाहननोंदणी खात्याकडे) नवा इंजिन नंबर आणि सीसी नोंदवून घ्या.

आता, न विचारताही सांगायच्या गोष्टी. मागच्या अॅक्सलचं गिअर-गुणोत्तर मूळचं ३.९ आहे की कारखान्याच्या व्ही-८सारखं ३.०७? ३.९ असेल तर मोटरवेवर इंजिन उगाच जास्त फिरतं. पुढचे ब्रेक वाढीव ताकदीला साजेसे बदललेत का? एक्झॉस्टसाठी आतल्या विंगला (चाकावरच्या आतल्या पत्र्याला) भोकं पाडलीत का? हे लपवू नका, कारण कापलेला पत्रा सहज पूर्ववत होत नाही आणि बॉनेट उघडताच तो दिसतो. सिलचं (दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीचं) काम झालं असेल तर जुना गंजका पत्रा कापून नवा जोडला की वरून झाकण मारलं, हेही लिहा. काम चालू असतानाचे फोटो असतील तर ते पावत्यांइतकेच मोलाचे.

किमतीत १४,००० मिळवू नका. तुमच्या आवडीची चाकं किंवा सीट पुढच्याला नकोशी असू शकतात. तशाच बदललेल्या गाड्या लिलावात प्रत्यक्ष कितीला गेल्या ते पाहा. जाहिरातीतले आकडे म्हणजे विकणाऱ्याची अपेक्षा. गंजाचं काम आणि इंजिनाची बांधणी कागदपत्रांसह असेल तर त्याचे थोडेफार पैसे मिळतात, रंग-सजावटीचे फारच कमी. मूळ इंजिन, गिअरबॉक्स जपून ठेवले असतील तर गाडीसोबतच द्या. गाडी मूळ रूपात आणू पाहणारा त्यासाठी जास्त मोजेल. इंजिन असं बदललेल्या गाडीला वयामुळे मिळणारी एमओटीची (वार्षिक वाहनतपासणीची) सूट लागू असेलच असं नाही, तेव्हा विक्रीआधी ती करून घ्या.