आठ महिन्यांचं बाळ घेऊन न्यूझीलंडचा साउथ आयलंड गाडीने फिरायचा असेल तर

तुमचा प्लॅन वाचला. डिसेंबरात बारा दिवस, बाळ तेव्हा आठ महिन्यांचं असेल, ख्राइस्टचर्चला उतरायचं, मग कैकोरा, टेकापो, माउंट कुक, क्वीन्सटाउन, तिथून एका दिवसात मिलफर्ड (कड्यांमधली समुद्राची खाडी, बोटीने बघतात) करून परत, मग वानाका, फ्रान्झ जोसेफ, आर्थर्स पास आणि पुन्हा ख्राइस्टचर्च. आणि घरी सासूबाई म्हणतायत एवढ्या लहान लेकराला कशाला हिंडवताय. मी ख्राइस्टचर्चला राहते, माझी मुलं याच रस्त्यांवर मागच्या सीटवर झोपत मोठी झाली, भारतातून येणारे भाऊ-बहिणी, मैत्रिणी त्यांची तान्ही बाळं घेऊन आमच्याकडूनच पुढे गेलेत, त्यामुळे मनापासून सांगते, जा. आठ महिने हे फिरायला फार चांगलं वय आहे, अजून चालत नाही, अंगावरचं दूध चालू आहे, कॅरियरमध्ये घातलं की दोन्ही हात मोकळे. पण या प्लॅनने जाऊ नका.

कारण असं की लहान बाळाला कार सीटमध्ये सलग दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. सीटमध्ये बाळ अर्धवट बसलेलं असतं, झोप लागली की मान पुढे झुकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून दोन तासांच्या आत थांबायचं, बाहेर काढायचं, सपाट जागी थोडं लोळू द्यायचं, मग पुढे. झोपलेलं असलं तरी मुक्कामाला पोचल्यावर सीटमध्येच झोपू द्यायचं नाही, उचलून कॉटमध्ये ठेवायचं. हा नियम धरला की इथली अंतरं वेगळी दिसायला लागतात. ख्राइस्टचर्च ते टेकापो मॅपवर तीन तास दाखवतं, बाळाबरोबर पाच धरा. वानाका ते फ्रान्झ जोसेफ साधारण 285 किलोमीटर, हास्ट पास या खिंडीतून वळणावळणाचा रस्ता, मधे बराच पट्टा मोबाइलला रेंज नाही. दोघंच असाल तर हा रस्ता स्वर्ग आहे, पण बाळ मधेच रडायला लागलं आणि बाहेर धो धो पाऊस असला (फ्रान्झ जोसेफच्या बाजूच्या वेस्ट कोस्टला तो असतोच) तर तुमचा पूर्ण दिवस त्यात जातो.

म्हणून वेस्ट कोस्ट आणि कैकोरा सोडा. गोल करूच नका, एकच सरळ रेघ धरा. ख्राइस्टचर्चला उतरायचं, गाडी क्वीन्सटाउनला सोडायची आणि तिथून ऑकलंडमार्गे परत. गाडी दुसऱ्या गावात सोडायचे जास्तीचे पैसे बहुतेक लागतील, पण परतीचा अख्खा प्रवास वाचतो. ख्राइस्टचर्चला दोन रात्री, टेकापोला तीन, मग क्वीन्सटाउन किंवा अ‍ॅरोटाउनला दोन, मिलफर्डच्या वाटेवरच्या ‘ते आनाऊ’ (Te Anau) गावाला तीन, शेवटी परत क्वीन्सटाउनला एक. रोज बॅगा बांधणं आणि रोज नवीन खोलीत बाळाला झोपवणं यानेच आईबाप दमतात, ड्रायव्हिंगने नाही.

पहिल्या दोन रात्री ख्राइस्टचर्चला का, तर डिसेंबरात इथलं घड्याळ भारताच्या साडेसात तास पुढे असतं. तुमच्या बाळाची रात्री आठची झोपायची वेळ म्हणजे इथले पहाटेचे साडेतीन. शिवाय तुम्ही रात्रभर विमानात जागलेले, त्यात उतरल्या उतरल्या गाडी हातात घेऊन हायवेला लागणं मला अजिबात पसंत नाही. बोटॅनिक गार्डनमध्ये दुपारच्या उजेडात बाळाला भरपूर लोळवा, घड्याळ हळूहळू जागेवर येतं. दुसरी गोष्ट, क्वीन्सटाउनकडे डिसेंबरात रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि मोटेलचे पडदे काही वेळा पातळ असतात. एक जाड काळं कापड आणि थोडे कपड्यांचे चिमटे बरोबर ठेवा, खिडकीला लावलं की काम झालं.

कॅम्परव्हॅनचं (आतच झोपायची सोय असलेल्या गाडीचं) विचारलंत, तर माझं मत कार आणि मोटेल. इथे सात वर्षांखालच्या मुलाला मान्यता असलेल्या चाइल्ड सीटमध्ये बांधणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि आठ महिन्यांच्या बाळाची सीट मागे तोंड करूनच हवी, निदान दोन वर्षांपर्यंत तशीच ठेवा असं इथे सांगतात. बऱ्याच कॅम्परव्हॅनमध्ये मागे तोंड करून सीट बसवायची सोयच नसते, त्यामुळे घ्यायचीच असेल तर बुक करायच्या आधी हे लेखी विचारून घ्या. इथलं मोटेल म्हणजे नुसती खोली नसते, बहुतेक ठिकाणी छोटं स्वैपाकघर, फ्रिज, भांडीकुंडी असतात, आणि बाळ बरोबर असताना तेच सगळ्यात उपयोगाचं. कॉट मात्र आधी सांगून ठेवावी लागते.

सीट गाडीबरोबर भाड्याने मिळते, पण घेताना घाई करू नका. काउंटरवरचा माणूस बऱ्याचदा सीट हातात देतो, बसवायची आपणच. बसवल्यावर बुडाशी धरून जोरात हलवून बघायची, हलता कामा नये. मग बाळाला बांधलं की खांद्याजवळ, गळ्याच्या हाडापाशी, पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरायचा प्रयत्न करायचा. चिमटीत पट्ट्याची घडी आली तर सैल आहे, अजून ओढा. आणि जाड जॅकेट घालून कधीही बांधू नका, धक्का बसला की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. पातळ कपडे, पट्टा, आणि वरून पांघरूण, एवढंच. पेट्रोलचे पैसे द्यायला आत जातानासुद्धा बाळाला गाडीत एकटं सोडायचं नाही.

आता खाणं. इथल्या विमानतळावर बायोसिक्युरिटी फार कडक आहे. खाण्याची प्रत्येक गोष्ट फॉर्मवर डिक्लेअर करायची, नाही केली आणि सापडली तर 400 डॉलर दंड जागच्या जागी. आजीने प्रेमाने दिलेलं नाचणीसत्त्व, डाळ-तांदळाची भरड डिक्लेअर करून दाखवा, ठेवायचं की नाही ते ऑफिसर ठरवतो, गेलं तर वाईट वाटून घेऊ नका. मध आणू नका, तो इथे चालतच नाही आणि वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचाही नसतो. घरचं तूप, पेढे वगैरेही नकोच. खरं तर आणायची गरजच नाही. तांदूळ, मसूर डाळ, ओट्स, रताळी, अ‍ॅव्होकाडो, बाळाच्या खाण्याचे पाऊच, डायपर सगळं सुपरमार्केटात मिळतं, मूगडाळ आणि नाचणी ख्राइस्टचर्चच्या इंडियन ग्रोसरीत. मोठी खरेदी तिथेच करा, कारण टेकापोला एक छोटं सुपरमार्केट आहे आणि माउंट कुक गावात काहीच नाही म्हणा. क्वीन्सटाउनला जाताना क्रॉमवेलला थांबा, डिसेंबर-जानेवारीत रस्त्याकडेला जर्दाळू आणि चेरी विकायला असतात. पिकलेला जर्दाळू वाफवून साल काढून कुस्करला की बाळं मिटक्या मारत खातात.

टेकापोवरून माउंट कुकला एक दिवस जाऊन या, साधारण सव्वा तासाचा रस्ता आहे. पुकाकी तलावाच्या कडेने जाताना समोर तो डोंगर आणि बाजूला दुधाळ निळं पाणी, हिमनदीने दगड घासून केलेलं बारीक पीठ त्या पाण्यात तरंगत असतं म्हणून तो रंग. इथे बाळाची झोप साधून घ्या, म्हणजे ते निवांत झोपेल आणि तुम्हाला न बोलता बघता येईल. वारा मात्र सांभाळा, या भागात नॉरवेस्टर, म्हणजे वायव्येचा वारा, असा येतो की गाडीचं दार हातातून सुटतं. बाळाला काढताना गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा आणि दार धरून ठेवायला दुसरं माणूस हवंच. ऊनही फसवं आहे, हवा गार असते पण इथलं अल्ट्राव्हायोलेट लवकर चटका देतं, रुंद काठाची टोपी आणि लांब बाह्या पाहिजेतच.

मिलफर्ड सोडू नका, पण क्वीन्सटाउनवरून एका दिवसात करू नका. जाऊन येऊन आठ तास नुसतं ड्रायव्हिंग आहे. ते आनाऊला मुक्काम केला की तेच अंतर एका बाजूने सुमारे 120 किलोमीटर उरतं, आणि सगळी मजा याच तुकड्यात आहे. ते आनाऊला टाकी फुल करा, पुढे पेट्रोल आणि मोबाइलला रेंज दोन्ही नाही असं धरूनच चाला. दूध, पाणी, जास्तीचे कपडे गाडीत हवेत. सकाळी बाळाला पोटभर पाजून निघा, एग्लिंटन व्हॅलीत पहिला थांबा. दोन्ही बाजूंना सरळ उभे डोंगर आणि मधे सोनेरी गवताचं सपाट मैदान, तिथे चटई टाकून बाळाला पालथं घातलं की ते गवताचं पातं मुठीत धरायला धडपडतं आणि तुमचा चहा होतो.

पुढे होमर टनेल. 1954 साली सुरू झालेला, सव्वा किलोमीटर, आतून नुसता फोडलेला खडक, अस्तर नाही. उन्हाळ्यात सिग्नलवर एकेका बाजूची वाहनं सोडतात, मग थांबावं लागतं. तिथे हिरवे किया पोपट गाडीवर येऊन बसतात आणि दाराचं रबर कुरतडतात, बघायला छान, पण त्यांना खायला घालू नका. बोगद्याच्या अलीकडच्या तोंडापासून साधारण 900 मीटर उतरून समुद्रसपाटीला येतो आपण, बाळाच्या कानांना दडे बसून ते चिडचिड करतं. तेव्हा पॅसिफायर द्या, नाहीतर सुरक्षित जागा बघून थांबा आणि पाजा. चालत्या गाडीत पट्टा सोडून मांडीवर घेऊन पाजायचं नाही, बाळ कितीही रडत असलं तरी.

बोटीची फेरी दीड ते दोन तासांची निवडा आणि आत बसायला बंद जागा आहे ना ते बघा. स्टर्लिंग फॉल्स 151 मीटर उंचीवरून पडतो आणि बोट अगदी जवळ नेतात, तेव्हा एकाने बाहेर जाऊन भिजायचं, दुसऱ्याने बाळाला घेऊन काचेआड, मग पुढे अदलाबदल. पाऊस असेल म्हणून रद्द करू नका, मिलफर्डला वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि पावसातच कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात. सह्याद्रीतला पावसाळा आवडणाऱ्याला तर तो दिवस जास्तच आवडेल. खरा त्रास सँडफ्लायचा. चिलटाएवढी काळी माशी, चावली की आठवडाभर खाज. हात-पाय-पावलं झाकणारे कपडे, स्ट्रोलरवर जाळी, आणि बाळाला चालणारं रिपेलंट कुठलं ते निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

आजारपणाची भीती सासूबाईंना असेल, ती रास्तही आहे. 111 हा इमर्जन्सी नंबर, आणि 0800 611 116 या हेल्थलाइनवर कधीही नर्सशी फुकट बोलता येतं. अपघात झाला तर एसीसी या इथल्या सरकारी अपघात योजनेतून पर्यटकांच्याही उपचारांना मदत मिळते, पण ताप, जुलाब, कान दुखणं त्यात येत नाही, त्यासाठी बाळाच्या नावासकट ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाच. पॅरासिटामॉलचा डोस वजनानुसार लिहून आणा, इथल्या बाटलीतलं प्रमाण वेगळं असू शकतं.

ड्रायव्हिंग आपल्यासारखंच डावीकडून. एकेरी पुलांवर पाटीवरचा मोठा पांढरा बाण ज्याच्या दिशेचा तो आधी जाणार. मागे गाड्या साठल्या तर जागा बघून बाजूला घ्या आणि जाऊ द्या, बाळ असताना कोणाच्या दबावाखाली वळणं घ्यायची नाहीत.

तारखा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येत असतील तर ते आनाऊ आणि टेकापोच्या खोल्या आत्ताच बुक करा, इथल्या शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात. आणि 25 तारखेला जवळपास सगळी दुकानं बंद, तेव्हा डायपर आणि दूध 24 लाच भरून ठेवा.