मित्राला ४५ ला टेस्ट, मला ५० ला, असं का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी अमेरिकेत असतो, वय ४६. ऑफिसमधला माझा मित्र आफ्रिकन-अमेरिकन आहे, वयाने माझ्याएवढाच. त्याला डॉक्टरनी प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) कॅन्सरसाठी पीएसए ही रक्ताची टेस्ट आत्ताच सुचवली, मला म्हणाले पन्नाशीला बघू. तो चिडलाय, म्हणतो इथेही रंग बघतात. खरंच तसं आहे का?

उत्तर: तुमच्या मित्राची चिडचिड समजते मला, पण इथे डॉक्टरनी बघितलं ते बरंच केलं. अमेरिकेत ब्लॅक पुरुषांना हा कॅन्सर जास्त होतो, कमी वयात होतो आणि त्याने मरणारे गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट. सगळे पुरुष धरले तर ८ त एकाला आयुष्यात कधीतरी तो निघतो, ब्लॅक पुरुषांत ६ त एकाला. म्हणून अमेरिकन कॅन्सर सोसायटी म्हणते की डॉक्टरनी त्यांच्याशी टेस्टबद्दल ४५ लाच बोलावं, इतरांशी ५० ला. वडलांना किंवा भावाला पासष्टीच्या आत झाला असेल तर मात्र तुम्हालाही ४५ च.

आता राग यायचाच असेल तर तो दुसऱ्या गोष्टीचा यावा. २०१२ साली तिथल्या सरकारी तज्ज्ञ समितीने सांगून टाकलं की पीएसए कोणीच करू नका, आणि ज्या मोठ्या अमेरिकन अभ्यासाचा आधार घेतला त्यात ब्लॅक पुरुष होते जेमतेम ४ टक्के! ज्यांना धोका सगळ्यात जास्त त्यांना जवळजवळ न मोजताच नियम झाला. २०१८ ला तो बदलला, ५५ ते ६९ वयात डॉक्टरशी बोलून ठरवा असं झालं.

आणि सगळं आनुवंशिकतेवर ढकलू नका. काही भाग तो आहेच, पण माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटल्समध्ये, जिथे उपचार सगळ्यांना सारखे मिळतात, तिथे ब्लॅक आणि गोऱ्या पेशंटच्या मृत्यूंमधला फरक जवळपास उरतच नाही. म्हणजे इन्शुरन्स, वेळेवर अपॉइंटमेंट, नीट समजावून सांगणारा डॉक्टर, यानेच माणसं वाचतात. त्यात विश्वासाचा प्रश्न वेगळा, अलाबामा राज्यातल्या टस्कीगीत सरकारी डॉक्टर १९३२ ते १९७२ ब्लॅक पुरुषांना सिफिलिसचे उपचार न देता नुसतं बघत बसले होते, ते घराघरात अजून आठवतात लोक.

तुमच्याबद्दल म्हणाल तर आशियाई पुरुषांत हा कॅन्सर कमी, पण टेस्ट करणारेही कमीच, तेव्हा पन्नाशीला मला काय होतंय म्हणून टाळू नका. हातातून एक ट्यूब रक्त घेतात, बास. आकडा जास्त आला म्हणजे कॅन्सरच असं नाही, इन्फेक्शनने किंवा ग्रंथी वाढल्यानेही वाढतो, मग टेस्ट परत करतात, लागलं तर एमआरआय आणि नंतर बायोप्सी. आणि निघालाच तरी हळू वाढणारा असेल तर पुष्कळदा ऑपरेशन न करता लक्ष ठेवतात.

मित्राला लॉइड ऑस्टिन यांचं सांगा, तेही ब्लॅकच, अमेरिकेचे संरक्षणमंत्री असताना डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचा कॅन्सर नेहमीच्या पीएसए तपासणीतूनच कळला. आधी त्यांनीही लपवलं, मग फेब्रुवारीत सगळ्यांसमोर बोलले. टेस्टला जायच्या आधी वडील, काका, भाऊ यांच्यात कोणाला होता का, किती वयात, ते घरी फोन करून विचारायला सांगा त्याला. तुम्हीही विचारा.