केमो चालू असताना आईला खायला काय द्यायचं?

प्रश्न: आईची केमो चालू आहे, दोन सायकल झाल्या. वजन 58 किलोवरून 54 वर आलंय. तोंडाला चव नाही, सगळं लोखंडासारखं लागतं म्हणते. साखर कॅन्सरला पोसते असं सगळ्यांनी सांगितल्यामुळे साखर, दूध, भात बंद केलाय आणि कच्च्या भाज्यांचा ज्यूस देतोय. बरोबर आहे ना?

उत्तर: नाही हो, उलट आधी हे थांबवा. शरीरातली प्रत्येक पेशी ग्लुकोजवर चालते, साखर तोडून फक्त गाठ उपाशी राहत नाही, माणूस मात्र उपाशी राहतो. 58 मधले 4 किलो जाणं म्हणजे जवळपास 7 टक्के, हे डॉक्टरांना लगेच सांगा, कारण वजन असंच उतरत गेलं तर केमो झेपत नाही आणि मग डोस कमी करायची किंवा पुढे ढकलायची वेळ येते. (आईला डायबेटिस असेल तर साखरेचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा.)

आत्ता सगळ्यात महत्त्वाचं प्रोटीन. किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम धरतात, म्हणजे आईंना दिवसाला साधारण 65 ते 80 ग्रॅम. एका अंड्यात 6 आणि कपभर दुधात 8 ग्रॅमच्या आसपास असतं, त्यामुळे नुसत्या ज्यूसवर हे भागणारच नाही. किडनीचा त्रास असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. ताट भरून समोर ठेवू नका, बघूनच मळमळतं, दर दोन तासांनी चार घास पुरे. जेवण गार किंवा कोमट दिलं की वास कमी येतो. स्टीलचा चमचा बाजूला ठेवून प्लास्टिकचा किंवा लाकडी वापरून बघा, बऱ्याच जणांची ती लोखंडी चव कमी होते. आणि केमोच्या दिवशी आवडीचा पदार्थ मुद्दाम करू नका, मळमळ आणि तो पदार्थ डोक्यात एकत्र बसले की नंतर तो नकोसाच होतो.

कच्चा ज्यूस बंद म्हणतेय त्याचं कारण वेगळं आहे. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, तेव्हा साधं इन्फेक्शनही महागात पडतं. म्हणून कच्चे मोड, कच्चं अंडं, न तापवलेलं दूध नको. फळं धुवून, सोलून चालतात. ताप 38 सेल्सिअसला पोचला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला फोन. आणि कुणी आणून दिलेली पावडर, व्हिटॅमिनच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका, काही गोष्टी औषधाचं काम बिघडवतात.

प्रश्न: भावाला केमोनंतर गार पाणी प्यायलं की घशात टोचतं. खाण्यातलं काही चुकतंय का?

उत्तर: त्यांना ऑक्झॅलिप्लॅटिन चालू आहे का बघा. त्या औषधाने असं होतं, मग वरचा गारचा सल्ला त्यांच्यासाठी नाही. काही दिवस सगळं कोमटच द्या, फ्रीजमधली बाटलीही हातात देऊ नका, बोटांना झिणझिण्या येतात. आणि पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांना हे सांगा.