जानेवारीत पुण्याहून मनालीला एकट्याने गाडी चालवत जाणं जमेल का?

तुम्ही विचारलंय की 10 दिवसांची सुट्टी आहे, पेट्रोल हॅचबॅक आहे, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून एकटेच मनालीला जायचंय, बर्फात गाडी चालवायचा अनुभव नाही, तर जमेल का. मी दोन वर्षांपूर्वी जानेवारीतच नाशिकहून एकटी गेलेय, गाडी तुमच्यासारखीच, त्यामुळे जमतं हे नक्की सांगते. पण तुमच्या प्रश्नात बर्फ चार वेळा आलाय आणि धुकं एकदाही नाही, म्हणून हे एवढं लांब लिहायला बसले.

पुणे ते मनाली साधारण 2000 किलोमीटर. त्यात बर्फ लागलाच तर शेवटच्या थोड्या टप्प्यात. धुक्याचा पट्टा मात्र ग्वाल्हेरपासून धरा, तो पार अंबाला-चंदीगडपर्यंत, म्हणजे 500 किलोमीटरच्या वरच झाला. आपल्याकडे धुकं म्हणजे पावसाळ्यात माळशेजला किंवा लोणावळ्याला उतरलेला ढग, घाट संपला की सुटका. तिकडचं तसं नाही. रात्री आकाश मोकळं, वारा पडलेला, जमीन गार होत जाते आणि शेतांना पाणी दिलेलं असतं ती सगळी ओल तिथेच जमिनीलगत गोठून बसल्यासारखी होते, ऊन चढेपर्यंत हलत नाही आणि कधीकधी दिवसभर हलत नाही. पाऊस पडून आकाश साफ झालं की लोकांना वाटतं आता हवा चांगली झाली, तर नेमकं त्याच्या दुसऱ्या पहाटे सगळ्यात दाट धुकं असतं. हवामान खातं 200 मीटरच्या आत दिसेनासं झालं की दाट म्हणतं आणि 50 च्या आत गेलं की अति दाट, तर अंदाज बघताना हे दोन शब्द शोधा.

मी काय केलं ते सांगते. ग्वाल्हेरला मुक्काम होता, दुपारपर्यंत दिल्ली ओलांडायची म्हणून सकाळी सहाला निघाले. मुरैनापर्यंत ठीक होतं, पुढे चंबळच्या पुलाच्या अलीकडे एकदम कापूस भरल्यासारखं झालं. बॉनेटच्या पुढे डाव्या बाजूची पांढरी पट्टी तेवढी दिसत होती, तीही तीन-चार हात. पुढे एक ट्रक होता, त्याचा क्लीनर डाव्या दारातून अर्धा बाहेर लोंबकळून टॉर्च त्या पट्टीवर मारत होता आणि ड्रायव्हरला हाका देत होता. मी त्याच्या मागच्या लाल दिव्यांना धरून चालले, वाटलं आता हा नेईल. थोड्या वेळाने तो ट्रक ओव्हरटेक करून गेला आणि माझ्यासमोर भुशाची ट्रॉली. तो भुसा कसा भरतात माहितीये ना, मोठाल्या पोत्याच्या कापडात दोन्ही बाजूंनी फुगलेला, अर्ध्याहून जास्त रस्ता अडवतो, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, रंगसुद्धा धुक्यासारखाच मळकट. मी 25 च्या स्पीडला होते म्हणून थांबले. खिडकीतून हात बाहेर काढला असता तर त्या कापडाला लागला असता एवढं अंतर राहिलं. आणि खरी भीती त्यानंतर वाटली, की आता मागून कोण येतंय.

पुढच्या पंपावर गाडी लावली. पंपाच्या मागे ढाबा होता, तिथल्या मावशींनी मला शेगडीजवळ खाट दिली, सात-आठ ट्रकवाले रजया पांघरून झोपलेलेच होते. एकजण म्हणाला, दीदी, दस बजे से पहले कोई नहीं निकलता. पावणेअकराला आम्ही सगळे एकदमच निघालो.

तर त्या पट्ट्यात सकाळी दहाच्या आधी आणि संध्याकाळी साडेपाचनंतर गाडी चालवायची नाही. हे एवढं एकच पाळा, बाकी सगळं मागेपुढे झालं तरी चालेल. 60 च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते, तुम्हाला समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच 25 मीटर संपतात आणि थांबायला अजून तेवढेच लागतात, म्हणजे 50 मीटर दिसत असेल तर 60 सुद्धा जास्तच आहे. यमुना एक्सप्रेसवेवर हिवाळ्यात कारची लिमिट 100 वरून 75 करतात, पण दाट धुक्यात 75 चासुद्धा काही अर्थ नाही.

तरी अडकलातच तर लो बीम ठेवा, हाय बीम मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते. काच आतून धूसर होते, एसी चालू ठेवून हवा काचेवर सोडा, आणि वायपर अधूनमधून फिरवा, धुक्यानेही काच ओली होते. खिडकी थोडी उघडी ठेवा, गाण्यांचा आवाज बंद, हॉर्न आधी ऐकू येतो आणि गाडी नंतर दिसते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, तुम्ही उभे आहात की वळताय हे मागच्याला कळत नाही. आणि कडेला, शोल्डरवर तर अजिबात थांबायचं नाही, तुमचे दिवे बघून मागचा त्यालाच रस्ता समजतो आणि येऊन आदळतो. टोलनाका, पंप, ढाबा, काहीतरी गाठायचंच.

आता बर्फ. मनाली गावापर्यंत रस्ता बहुतेक वेळा उघडा असतो, ताजा बर्फ पडला की पोलीस पुढे सोलंग खोरं, अटल टनेलकडे फक्त फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो त्या) किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात. तो बोगदा 9 किलोमीटरचा आणि 3000 मीटरच्या वर आहे, तुमची गाडी मनालीत ठेवून तिथली टॅक्सी करा, पैसे वाचवू नका. भुसभुशीत बर्फापेक्षा सावलीतल्या वळणांवर आणि पुलांवर सकाळी जो काचेसारखा पातळ थर असतो तो वाईट, रस्ता नुसता ओला दिसतो. दुसऱ्या गिअरला राहा, उतारावर ब्रेकऐवजी गिअरनेच गाडीचा वेग आवरा, ब्रेक आणि स्टिअरिंगला झटका नको. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठतो, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

निघायच्या आधी मेकॅनिककडून कूलंट नक्की तपासून घ्या. आपल्याकडे गरम झाली गाडी की नुसतं पाणी ओततात आणि पुण्यात ते चालून जातं, तिकडे रात्री शून्याखाली गेलं की ते पाणी गोठून फुगतं आणि इंजिन ब्लॉकला तडा जाऊ शकतो. निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरा. वायपरच्या टाकीतलं पाणीसुद्धा गोठतं. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर बदलूनच निघा.

अजून एक, आणि हे कृपया मनावर घ्या. बर्फात अडकलात तर इंजिन आणि हीटर चालू ठेवून काचा लावून झोपू नका. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानात मरी नावाच्या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेले 20 हून जास्त लोक गेले, त्यातले बरेच गाड्यांमध्येच होते. स्वस्त हॉटेलात खोलीत कोळशाची शेगडी आणून देतात, तिचंही तेच, ती बाहेर ठेवायला सांगा. ढाब्यावरची शेगडी उघड्यावर होती म्हणून मी तिच्याजवळ बसले. एक जाड रजई, पाणी, खजूर-चिक्की आणि पॉवर बँक गाडीत असू द्या.

एकट्याने जाताना झोपेचा अंदाज सांगायला शेजारी कोणी नसतं, म्हणून डोळे जड झाले की पंपावर 20 मिनिटं अलार्म लावून झोपायचं. घरी लाइव्ह लोकेशन द्या, पण त्यासोबत हेही सांगून ठेवा की रेंज गेली तर संध्याकाळी सातपर्यंत घाबरायचं नाही. माझ्या आईने पहिल्या दिवशी बावीस फोन केले होते, हे ठरवल्यावर एकच करायला लागली.

शेवटी दिवसांचा हिशोब. पुणे-इंदूर, इंदूर-ग्वाल्हेर, ग्वाल्हेर-सोनीपत, सोनीपत-मंडी, मंडी-मनाली, दहा ते साडेपाचचा नियम पाळला तर जायलाच पाच दिवस, यायला पाच. तुमची सुट्टी रस्त्यातच संपते आणि मग माणूस सहाला निघायला लागतो, मी निघाले तसा. साहेबांकडे अजून चार दिवस मागून बघा. नाहीच मिळाले तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात जा, मैदानातलं धुकं तोवर गेलेलं असतं आणि सोलंगच्या वर बर्फ बहुतेक मिळतोच. कूलंटचं मात्र तेव्हाही करून घ्या.