विशेषणं खोड

तुझ्या हाताखालच्या त्या माणसाविरुद्धच्या तक्रारीचा तुझा मेल काल तीनदा वाचला. चौथ्यांदा छापून घेतला आणि पेनानं प्रत्येक विशेषणाखाली रेघ ओढली. उर्मट, कामचुकार, बेफिकीर, आतल्या गाठीचा... अकरा भरली. घटना किती? दीड. टॅक्सीची एकच पावती दोन महिन्यांच्या बिलांना जोडली, ही एक. 'मीटिंगमध्ये तोडून बोलला' ही अर्धी, कारण काय बोलला ते तू लिहिलंच नाहीस.

तुझी घालमेल कळते. ज्यानं हाताला धरून काम शिकवलं त्याच्यावरच कारवाई करायची, आणि नाही केली तर टीम बघतेय. 'काढून टाकू की डोळेझाक करू' हा प्रश्न मात्र आत्ता विचारायचाच नाही. आधी विशेषणं खोड, क्रियापदं ठेव. कोणी, कधी, काय केलं, कोणी पाहिलं, कागद कुठला. एवढं उरलं की मग बोलू. आणि हो, शेवटी 'पण मनानं चांगला आहे' असंही लिहिलंयस. ते बारावं. तेही खोड.

मी हे शिकले, पण किंमत दुसऱ्यानं मोजली. रात्रपाळीचा एक ऑपरेटर होता. तीन रात्रींच्या मशीनच्या नोंदी वहीत नव्हत्या. आरोपपत्रात मी लिहिलं, 'सवयीचा बेजबाबदार'. लिहिताना बरंही वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी त्यानं राजीनामा दिला आणि मी म्हटलं, चला, सुटलो. आठ महिन्यांनी सुपरवायझरचं कपाट रिकामं करताना ती तीन पानं सापडली. वहीतून फाडून स्टेपल केलेली, त्या ऑपरेटरच्याच अक्षरात, कोपऱ्यात सुपरवायझरचा शेरा: 'ऑडिटसाठी'. 'पानं कुठं गेली?' हे तीन शब्द मी त्या ऑपरेटरला विचारले नव्हते. त्याचा पत्ता फाइलमध्ये होता. तरी पत्र लिहिलं नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ च्या १५८ क्रमांकाच्या करारात सातवं कलम आहे: वर्तनाच्या किंवा कामगिरीच्या कारणानं कामावरून काढण्याआधी माणसाला आरोपांना उत्तर देण्याची संधी द्यायची. ते मला तेव्हाही पाठ होतं. पण 'बेजबाबदार' ह्याला माणूस काय उत्तर देणार? 'नाही हो, मी जबाबदार आहे'? 'अमुक रात्रीची नोंद वहीत नाही' ह्याला उत्तर असतं. विशेषण लिहिलंस की त्याची संधी तूच काढून घेतलीस, मग सुनावणी कितीही थाटात घे.

पावती दोनदा जोडणं चुकून होतं, कोणी तपासत नाही म्हणून सवयीनं होतं, आणि ठरवूनही होतं. तिन्हींचा कागद सारखाच दिसतो. पहिल्यात समज द्यायची, दुसऱ्यात आधी आपली पद्धत दुरुस्त करायची, तिसऱ्यात कारवाई. डोनाल्ड क्रेसी ह्या गुन्हेशास्त्रज्ञानं विश्वासाच्या जागी बसून पैसे खाल्लेल्या कैद्यांशी बोलून १९५३ मध्ये तीन गोष्टी मांडल्या: कोणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, संधी, आणि स्वतःचीच समजूत घालणारी सबब. अडचण आणि सबब त्याची असेल. संधी कोणाच्या टेबलावरून गेली? दोन्ही बिलांवर सही तुझी आहे, आणि ते तू मेलच्या शेवटच्या ओळीत घाईघाईनं उरकलंस.

मला मागे 'खोडरबर' म्हणायचे. छळाच्या एका तक्रारीची फाइल मी दोनदा परत पाठवली आणि तेवढे दिवस ती मुलगी रोज त्याच माणसासमोर बसत होती. त्याबद्दल मला आजही ऐकवतात, आणि ऐकवायलाच हवं. त्याला पहिल्याच दिवशी दुसरीकडे बसवता आलं असतं. ती शिक्षा नसते, तात्पुरती सोय असते, आणि तिच्यासाठी फाइल पूर्ण व्हायची वाट बघायची नसते. पण फाइल परत पाठवली हे बरोबरच होतं! पहिल्या मसुद्यात नुसतं 'विकृत' होतं. तो शब्द दाबायला वरच्यांना पाच मिनिटं लागली असती. तिसऱ्या खेपेला तारखा आल्या, मेसेज आले, साक्षीदार आले, आणि मग ती फाइल कोणाला दाबता आली नाही. माझी बढती तिथंच हुकली म्हणतात. हुकू दे.

तर आता त्याला बोलाव. दोन्ही बिलं शेजारी शेजारी ठेव, पावतीच्या नंबरावर बोट ठेव, 'हे कसं झालं?' एवढंच विचार आणि गप्प बस. तुला गप्प बसवत नाही, माहीत आहे मला. तरी बस. तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरव, त्याला वाचायला दे, तारीख टाकून दोघं सह्या करा. उत्तर पटलं नाही तर पुढची चौकशी तू करायची नाहीस. तक्रारदार तू, साक्षीदार तू, बिलांवर सही तुझी, वर निवाडाही तूच करणार? दुसऱ्या विभागातला माणूस माग.

मीटिंगमध्ये तो नक्की काय म्हणाला तेही आठवून लिही. आठवत नसेल तर ती अर्धी घटनाही काढून टाक.

नवा मसुदा पाठव. एका पानात बसला पाहिजे. 'उर्मट' दिसलं तर पुढचं वाचणार नाही.