'युअर नेम' पाहून रडू आलं? मग पुढे हे करा

'युअर नेम' (२०१६) हा जपानी ॲनिमेशन सिनेमा पाहून काही सुचत नाहीये ना? अगदी स्वाभाविक आहे, रडून घ्या. लगेच दुसरा सिनेमा लावू नका, आधी हाच पुन्हा पाहा. नायक ताकी आणि नायिका मित्सुहा यांच्यातलं तीन वर्षांचं अंतर आता ठाऊक असल्याने ट्रेनमधला तो लाल धागा पाहताना जास्त गलबलतं.

नवखे हमखास दोन चुका करतात:
- इंग्रजी डबिंग निवडतात. मूळ जपानी आवाजच ऐका, खाली सबटायटल्स ठेवा.
- याच सिनेमाचा दिग्दर्शक माकोतो शिंकाईचे सगळे सिनेमे एका रात्रीत संपवतात.

पुढचा त्याचाच 'द गार्डन ऑफ वर्ड्स' (२०१३) घ्या. जेमतेम ४६ मिनिटांचा, पण त्यातला टोकियोचा पाऊस काय सुंदर आहे! '५ सेंटिमीटर्स पर सेकंद' (२००७) मात्र मन सावरल्यावरच. मांगा (जपानी कॉमिक्स), कादंबऱ्या सध्या राहू द्या.