१२ बाय १५ च्या केबिनला १२ किलोवॅटचा स्टोव्ह नको

राहायला घोडबंदर, १२ बाय १५ फुटांची लाकडी केबिन कुल्लूजवळ, आणि तिच्यासाठी लाकडावरचा १२ किलोवॅटचा स्टोव्ह वागळे इस्टेटमध्ये बनवून घेताय. फॅब्रिकेटर म्हणतो, "मोठाच घ्या, नको असेल तेव्हा हवा कमी करायची." हे वाक्य माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. अ‍ॅडव्हान्स दिला असला तरी काम थांबवा.

आतली उंची ८ फूट धरली तर तुमची केबिन साधारण ४१ घनमीटर. त्याला १४ ने भागा: बाहेर शून्य असताना आत २० अंश राखायला ३ किलोवॅट पुरतात. फटी असतील, छताला नुसता पत्रा असेल तर १० ने भागा, ४ येतील. पारा शून्याच्या बराच खाली जात असेल तर ५ घ्या. त्यापुढे जाऊ नका. (हा ठोकताळा आहे, फळ्यांच्या आत काय भरलंय ते मी पाहिलेलं नाही.)

१२ चा नीट पेटवला तर थोड्याच वेळात दार उघडून बसावं लागेल. मग हवा बंद करणं आलं, आणि तिथेच घात होतो. लाकूड धुमसायला लागतं. धुरातला जळण्याजोगा भाग जळायला भट्टीत ६०० अंशांच्या आसपास उष्णता आणि वरून गरम हवा लागते. ती मिळाली नाही की तो थंड चिमणीत डांबर होऊन बसतो. आधी काच काळी होते, मग जोडांतून तपकिरी ओघळ येतात, आणि एखाद्या रात्री मोठा जाळ केला की ते डांबरच पेटतं. चिमणीतली आग हजार अंशांच्या वर जाऊ शकते आणि तुमच्या भिंती लाकडाच्या आहेत. 'हवा कमी करायची' म्हणणारा तेव्हा फोन उचलत नाही.

एक किलो सुक्या लाकडात ४ युनिट उष्णता असते, चांगला स्टोव्ह त्यातली ३ खोलीला देतो. म्हणजे ४ किलोवॅटला तासाला साधारण सव्वा ते दीड किलो, मनगटाएवढ्या दोन ढलप्या. ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. मीटर ऑनलाइन मिळतो, ढलपी फोडून आतल्या बाजूला टोचा. लहान स्टोव्ह रात्रभर चालत नाही. रजई घ्या.

बनवूनच घ्यायचा असेल तर पत्रा ५ मिमी एमएस (साधं पोलाद), कळंबोलीच्या स्टील बाजारातून आला तरी चालेल. आत फायरब्रिक (भट्टीच्या विटा), वर व्हर्मिक्युलाइटची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या हलक्या खनिजाची, आडवी पाटी. दाराला सिरॅमिक काचच मागा. 'टफन्ड आहे, काही होत नाही' यावर जाऊ नका; टफन्ड साधारण २५० अंशांपर्यंतच टिकते.

चिमणीला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप नको, तापल्यावर जस्ताचा धूर येतो. स्टेनलेस स्टील (एसएस ३०४), ५ किंवा ६ इंची, आणि छतातून जाताना दुहेरी भिंतीचा, मध्ये सिरॅमिक वूल. आपले डक्टवाले पाइप जोडतात तेव्हा खालच्या पाइपचं तोंड वरच्याच्या आत घालतात की उलटं, हे उभं राहून बघा. प्रत्येक वरच्या पाइपचं निमुळतं टोक खालच्याच्या आत बसलं पाहिजे, म्हणजे डांबर आतल्या आत खाली उतरतं. उलटं बसवलं तर ते बाहेरून भिंतीवर ओघळतं. 'धूर गळेल' म्हणून हुज्जत घालतील. धूर गळत नाही, चिमणी ओढत असते. स्टोव्हच्या माथ्यापासून निदान साडेचार मीटर उंची ठेवा, काटकोनी वळण नको. पाइप छतातून बाहेर पडतो तिथून टोक ३ फूट वर आणि १० फुटांच्या आतल्या कशाहीपेक्षा २ फूट उंच. शक्यतो मोभाजवळून काढा, नाहीतर घसरणारा बर्फ पाइप घेऊन जातो.

लाकडी भिंतीपासून ३६ इंच अंतर. एवढी जागा तुमच्याकडे नाही, म्हणून भिंतीपासून १ इंच सोडून पत्रा लावा, खाली-वर उघडा ठेवून. मग १२ इंच चालतात. इन्शुरन्सवाले काय मान्य करतील ते त्यांनाच लेखी विचारा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावा, त्यात काटकसर नको.

ट्रकवर चढवण्याआधी फॅब्रिकेटरच्या अंगणातच ३ मीटर पाइप लावून पेटवायला सांगा. रंगाचा वासही तिथेच जाईल. विझल्यावर दारात दहाची नोट अडकवून ओढा. कुठेही सहज सुटली तर दाराच्या कडेला हवा अडवायला बसवलेली तिथली दोरी बदलून घ्या. विटा काढून वेगळ्या बांधा, घाटात फुटतात.